इंजिन तेच राहील

मंगळवार, ४ मार्च

गाडी मेली, असं मी लिहिणार नाही. बंद पडली आहे.

सकाळी पावणेदहाला, पाण्याच्या टाकीच्या चढावर. स्टिअरिंगवर बाइंडरबाई होत्या. पुस्तकं बांधायचं काम करतात म्हणून हे नाव. माझ्या दैनंदिनीत प्रत्येक शिकणाऱ्याला एक टोपणनाव असतं. वय एकोणपन्नास. हात इतके स्थिर की गिअर पडलेला कळत नाही, पण चढ दिसला की पाय घाबरतो आणि रेस दाबून धरतात. आजही तेच. अर्ध्या चढावर आतून टकटक सुरू झाली, डब्यात कोंडलेल्या माणसाने झाकण ठोकावं तशी. मी म्हटलं, "चालू द्या, चालू द्या, चढ संपेल." टकटक वाढली. मग एक मोठा ठोका, आणि सगळं गप्प. मागे हॉर्नची रांग.

"मॅडम, मी काय केलं?" त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

"आधी हँडब्रेक ओढा," मी म्हटलं. एवढंच. नंतर टेम्पोला दोरी बांधून गाडी ओढून नेताना, "केवढी रेस केलीत हो," असंही म्हटलं. त्यात खोटं काही नव्हतं.

अठरा वर्षांची डिझेल गाडी. चारशे अकरा माणसं हिच्यावर गाडी चालवायला शिकली. त्यातले दोघे आता बस चालवतात. अशी गाडी एका चढाने संपत नसते.

अकरा वाजता दादाचा फोन. माझ्या थोरल्या भावाची मोठी ड्रायव्हिंग स्कूल आहे, नऊ गाड्या, सगळ्या नव्या. अठरा वर्षांपूर्वी मी तिथेच शिकवायचे. "तू फक्त बायकांना शिकव, पुरुष तुझ्याकडून शिकायला लाजतात," म्हणाला, त्या दिवशी मी किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि स्वतःची पाटी लावली. आज म्हणतो, "भोंगा, गाडी कुठे उभी केलीस?" लहानपणी फार रडायचे म्हणून भोंगा. मी सत्तावन्न वर्षांची झाले तरी भोंगाच. बातमी त्याला तासाभरात कळली. किती लक्ष ठेवून असतो माझ्यावर!

बुधवार, ५ मार्च

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गाडी दाखवली. काचेची भिंत, थंडगार हवा, कॉफीचं यंत्र. तिथल्या टायवाल्या मॅनेजरने बोनेट उघडायच्या आधीच तोंड पाडलं. दोन तास ठेवून घेतलं आणि मग मला खुर्चीवर बसवून सांगितलं. वाईट बातमी द्यायची असली की खुर्ची देतात.

"मॅडम, इंजिन आतून बसलंय. आम्ही असलं इंजिन खोलत नाही, बदलतो. आणि खरं सांगू? या वयाच्या गाडीत नवं इंजिन घालणं म्हणजे... त्यापेक्षा एक्स्चेंजमध्ये द्या. आमच्याकडे ऑटोमॅटिक आहेत. शिकवायला किती सोपं!"

"क्लच नसलेल्या गाडीवर मी काय शिकवू? बसायला?"

तो हसला. मग फॉर्म भरता भरता विचारलं, "ऑइलचा लाल दिवा लागला होता का?"

"नाही."

नाहीच. मला तरी दिसला नाही. तो दिवा गेल्या वर्षापासून सिग्नलला उभं राहिलं की उगाच लुकलुकायचा. ऑइल काठोकाठ असायचं, मी स्वतः दर सोमवारी कांडी काढून बघते. तरी शिकणारे घाबरायचे आणि रस्ता सोडून दिव्याकडे बघत बसायचे. म्हणून मी त्यावर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून टाकला. बिघडलेल्या दिव्याबद्दल त्या टायवाल्याला कशाला सांगायचं? तेवढंच कारण धरून बसला असता.

गाडी परत ओढून आणली. इंजिन बदलायचं नाही. ठरलं.

शुक्रवार, ७ मार्च

मोजमाप मिस्त्रींकडे गाडी लावली. लाकडाच्या वखारीमागचं जुनं गॅरेज, पत्र्याचं छप्पर, आत मात्र जमीन इतकी स्वच्छ की चप्पल काढावीशी वाटते. मिस्त्री सत्तरीचे. शब्द मोजून देतात आणि लोखंड तर शंभरदा मोजतात. त्यांच्या खिशात पेन नसतो, मायक्रोमीटर असतो.

मी विचारलं, "होईल ना?"

"उघडल्याशिवाय नाही."

"अंदाज तरी?"

"अंदाज सांगायला माणूस लागत नाही, ताई."

खालचं ऑइलचं तसराळं उतरवलं. काळ्या तेलात चंदेरी चुरा चमकत होता. मिस्त्रींनी बोट बुडवलं, उजेडात धरलं आणि कापडाला पुसलं. "बेअरिंग खाल्लंय," म्हणाले, आणि पुढच्या बोल्टकडे वळले.

दुपारी दादा गॅरेजवर आला. इस्त्रीचा शर्ट, गाडीची किल्ली बोटात फिरवत. इंजिन खाली लोंबत होतं ते बघून म्हणाला, "सोड ना आता. माझ्याकडे ये. तुझी बॅच, तुझी वेळ. बायका, पुरुष, कुणालाही शिकव."

"अठरा वर्षं लागली हे म्हणायला?"

"तू विचारलंस कधी?"

"मी का विचारू?"

मिस्त्री पाना हातात धरून छताकडे बघत उभे होते. दादा गेला. जाताना मिस्त्रींशी दारात काहीतरी कुजबुजला. माझ्याबद्दलच असणार. वेडी आहे, समजवा, वगैरे.

शनिवार, ८ मार्च

बाइंडरबाई घरी आल्या. चप्पल दारातच, आत यायला तयार नाहीत. दहा दिवसांत बारीक झाल्यासारख्या दिसल्या, खरं तर चारच दिवस झालेत.

त्यांच्या घरी मालाची छोटी व्हॅन आहे. नवऱ्याच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी त्याला गाडी चालवायला कायमची बंदी केली. शाळांना रजिस्टरं पोचवायला रोज भाड्याचा ड्रायव्हर शोधावा लागतो. म्हणून त्या शिकायला आल्या. नवरा पहिल्या दिवसापासून म्हणत होता, हे तुझं काम नाही.

"ते म्हणतात, दुसऱ्याची गाडी मोडून आलीस, आता स्वतःची मोडू नकोस," त्या म्हणाल्या. "परीक्षेचं नाव काढून टाका माझं. व्हॅन विकतोय आम्ही."

मला वाईट वाटलं. मी त्यांचा हात धरला आणि मोठ्या मनाने म्हटलं, "अहो, होतं असं. शिकताना होतं. मी तुम्हाला काही बोलले का?"

त्यांनी मान खाली घातली आणि गेल्या. आभार मानतील असं वाटलं होतं. पण माणूस मनातून खचला की त्याला चांगलं बोललेलंही टोचतं.

सोमवार, १० मार्च

गाडीशिवाय शिकवणी चालू ठेवली आहे. जेवणाच्या टेबलाभोवती पाचजण. ताटल्या म्हणजे गाड्या, मीठदाणी म्हणजे सिग्नल. पायाखाली तीन उशा: क्लच, ब्रेक, रेस. औषधाच्या दुकानातला जाड्या उशीवर इतक्या जोरात ब्रेक मारतो की कापूस बाहेर आलाय.

दोघं मात्र मला न सांगता दादाकडे नाव घालायला गेले होते. आज तोंड पाडून परत आले. दादा म्हणे त्यांना म्हणाला, "पंधरा दिवस जागा नाही. तोवर तिथेच शिका, तिच्यासारखं कुणी शिकवत नाही." नऊ गाड्या आणि जागा नाही! एवढा धंदा वाढलाय याचा. आणि वर टोमणा.

भंगारवाल्याचा माणूस येऊन गेला. त्यांच्याकडे अपघातातल्या गाडीचं अख्खं इंजिन आहे, अगदी याच जातीचं. दोन दिवसांत बसवून देतो म्हणतो. गाडी गुरुवारी रस्त्यावर. मोह झाला, खोटं का लिहू? पण ते इंजिन कुणी चालवलं, कसं चालवलं, कुणाला ठाऊक! माझ्या इंजिनाचा प्रत्येक खोकला मला माहीत आहे. शिवाय इंजिन बदललं की कागदावरचा नंबर बदलणार, पुन्हा तपासणी, पुन्हा शिकवण्याचा परवाना त्या गाडीवर चढवायचा, आरटीओत साहेबांच्या टेबलासमोर महिना. २८ तारखेची परीक्षा गेलीच.

आणि समजा हे काही नसतं, तरी नाही. सगळे बदल बदल म्हणतात म्हणून मी बदलू?

बुधवार, १२ मार्च

मिस्त्रींनी मोजून झालं म्हणून बोलावलं. टेबलावर पांढरं कापड, त्यावर माझं इंजिन तुकड्यातुकड्यांत मांडलेलं. प्रत्येकाशेजारी खडूने आकडा.

"ब्लॉक, हे इंजिनाचं धड, चांगला. हेड चांगलं. पिस्टन अजून चालतील. क्रँक, म्हणजे हा वाकडातिकडा दांडा, याची तिसरी पिन खरवडली आहे. घासून बघू."

मी म्हटलं, "बघा! मी सांगत होते ना?"

त्यांनी एक वाटीएवढी जाळी माझ्या हातात दिली. काळ्या गाळाने भरलेली. "तेल इथून वर जातं. भांड्यात तेल होतं, पण वर चढत नव्हतं. एक वर्ष तरी." मग ते गाडीत जाऊन बसले, मला खिडकीपाशी बोलावलं आणि नखाने ती काळी चिकटपट्टी उचकटली. किल्ली फिरवली. दिवा लागला. लाल, स्वच्छ.

"दिवा चांगला आहे, ताई. हा खरंच सांगत होता."

"त्या दिवशी फार रेस केली होती त्यांनी," मी म्हटलं.

"त्या दिवशी चढावर कुणीही असतं तरी हेच झालं असतं. हळू चालवली असती तर पुढच्या आठवड्यात झालं असतं."

मी म्हटलं, मला घरी काम आहे.

यापुढे आज लिहिणार नाही.

गुरुवार, १३ मार्च

लिहिते.

माझ्या शिकवणीचा छापील कागद आहे. नवीन माणसाला पहिल्या दिवशी देते. त्यात पहिलंच वाक्य: "समोरच्या दिव्यांवर नजर ठेवा. ते तुमच्याशी बोलत असतात." चारशे अकरा जणांना दिला.

दिवा मी झाकला. टकटक ऐकूनही "चालू द्या" मी म्हटलं. आणि रेसचं बोलले तेही मीच.

झालं, लिहिलं. आता सांगायची काय गरज? बाइंडरबाईंनी शिकणं सोडलंच आहे. व्हॅन विकायची तर विकू देत. सांगून इंजिन थोडंच जोडलं जाणार?

दिवसभर कुणी फोन केला तर उचलला नाही. दादाचे तीन होते.

शनिवार, १५ मार्च

गेले. रिक्षा केली नाही, चालत गेले, म्हणजे वाटेत परत फिरायला सवड मिळेल. फिरले नाही.

त्यांचं बांधणीचं दुकान म्हणजे एक लांब खोली. खळीचा वास, कागदांचे ढीग छातीइतके, मधोमध लोखंडी कापणीयंत्र. कोपऱ्यात त्यांचा नवरा काळा चष्मा लावून खुर्चीत, बोटांनी पानं मोजत होता. त्या उभ्याने एक जाड रजिस्टर शिवत होत्या.

मी बसलेही नाही. सांगून टाकलं. दिवा, चिकटपट्टी, जाळी, सगळं. "इंजिन तुमच्यामुळे गेलं नाही. माझ्यामुळे गेलं. आणि मला ते कळायला हवं होतं, कारण मी शिकवणारी आहे."

सुई थांबली नाही. तीन टाके झाले. मग म्हणाल्या, "कधी कळलं तुम्हाला?"

"बुधवारी."

"आज शनिवार."

"हो."

"अकरा दिवस, मॅडम." आता त्यांनी सुई खाली ठेवली. आवाज चढला नव्हता, पण मी दोन पावलं मागे सरले. "अकरा दिवस मी या घरात तोंड वर करून बोलले नाही. मी आयुष्यात एक वस्तू मोडलेली नाही. हे यंत्र माझ्या सासऱ्यांच्या वेळचं आहे, त्याचं पातं अजून तेच आहे. तुमच्या घरी आले होते तेव्हा तुम्ही काय म्हणालात? 'मी तुम्हाला काही बोलले का?' अहो, बोलायला हवं होतंत! भांडला असतात तर मी विचारलं तरी असतं, कसं मोडलं म्हणून."

कोपऱ्यातून नवरा म्हणाला, "जाऊ दे गं. नाहीतरी बायकांना इंजिनातलं..."

"तुम्ही पानं मोजा," त्या म्हणाल्या. तो मोजायला लागला.

मी माफी मागितली. त्यांनी दिली नाही. "ते नंतर बघू," म्हणाल्या. "परीक्षा कधी आहे? अठ्ठावीसलाच ना? नाव काढलंत का माझं?"

"नाही." खरंच काढलं नव्हतं. का, ते माहीत नाही.

"मग मी परीक्षेला बसणार. त्याच गाडीत. दुसऱ्या कुणाच्या गाडीत नाही, दुसरं इंजिन घालूनही नाही. मी जे मोडलं असं सगळे म्हणतात, तेच इंजिन चालू झालेलं मला या रस्त्यावरून सगळ्यांना ऐकवायचंय."

परत येताना मी भरभर चालत होते. पन्नास जणांनी बदल म्हटलं होतं. दुरुस्त करा म्हणणारी पहिली बाई ही, आणि तीही माझ्यावर चिडलेली!

मंगळवार, १८ मार्च

क्रँक घासणाऱ्या कारखान्यातून मिस्त्री हात हलवत परत आले. तिसऱ्या पिनच्या कोपऱ्यात केसाएवढी चीर निघाली. डोळ्याला दिसत नाही, पण यंत्राने दाखवली.

"झाळून घ्या," मी म्हटलं.

"याला झाळत नाहीत."

"थोडे दिवस तर चालेल?"

"चालेल. मग एके दिवशी तुटेल, आणि तेव्हा ब्लॉक फोडून बाहेर येईल. गाडीत शिकणारं माणूस असेल."

अर्धा तास मी वखारीच्या ओंडक्यांवर बसून राहिले. रडले नाही. भोंगा रडायचा, मी नाही. मग उठून आत गेले. "भंगारातल्या त्या इंजिनातून फक्त क्रँक काढून घेतला तर?"

मिस्त्री पहिल्यांदाच हसले. त्यांना पुढचे दोन दात नाहीत. "मी तेच म्हणणार होतो. पण तुम्ही म्हणेपर्यंत थांबलो."

"मग हे इंजिन दुरुस्त झालं म्हणायचं की बदललं?"

"नंबर ब्लॉकवर असतो, ताई. ब्लॉक तुमचा."

म्हणजे दुरुस्त. मी शंभर टक्के बरोबर होते असं नाही. क्रँकच्या बाबतीत हरले. बाकीच्यात नाही.

बुधवार, १९ मार्च

भंगारवाल्याकडे बाइंडरबाई बरोबर आल्या. मी बोलावलं नव्हतं. गॅरेजमध्ये चौकशी करून आल्या आणि मी निघताना दारात उभ्या. "मीही बघते," एवढंच म्हणाल्या.

भंगाराचं आवार म्हणजे गाड्यांची थडगी. दारं एकीकडे, आरसे एकीकडे, एका रांगेत नुसती स्टिअरिंगं. गल्ल्यावरच्या दाढीवाल्याने माझ्या गाडीचं नाव ऐकताच मागून एक लांब पोतं आणलं. आत क्रँक. पुसलेला, तेल लावलेला, मेणकागदात गुंडाळलेला.

"हा बाजूला ठेवलाय तुमच्यासाठी. फोन आला होता काल. म्हणाले, चांगलाच द्यायचा, दुसऱ्याला दाखवायचा नाही."

मोजमाप मिस्त्रींना किती काळजी!

बाइंडरबाईंनी हातरुमाल काढून बोटं पुसली आणि डोळे मिटून एकेका पिनवरून फिरवली. तीस वर्षं कागदाची कड तपासणारी बोटं. दाढीवाला गालातल्या गालात हसत होता. चारही पिना झाल्यावर त्या म्हणाल्या, "कुठे अडकत नाही. पण मिस्त्री मोजतील, मगच घेऊ. नाही बसला तर परत आणू. चालेल?"

दाढीवाला हसायचा थांबला. "चालेल, बाई."

परतताना त्यांनी पोत्याचं एक टोक धरलं, मी दुसरं. फार जड होतं. बस थांब्यापर्यंत तीनदा टेकवलं. तिसऱ्यांदा टेकवल्यावर त्या म्हणाल्या, "चढावर पाय कसा ठेवायचा ते परत सांगा." मी तिथेच फुटपाथवर उभी राहून सांगितलं. लोक बघत होते. बघू देत.

सोमवार, २४ मार्च

सुरू झाली!

मिस्त्रींनी आधी डिझेल बंद ठेवून स्टार्टर फिरवत ठेवला. तेल वर चढेपर्यंत नुसतं फिरवायचं. मी, बाइंडरबाई आणि मिस्त्री, तिघांची नजर लाल दिव्यावर. कुणी पापणी हलवत नव्हतं. दिवा विझला. मग डिझेल सोडलं. दोनदा खोकली, पांढऱ्या धुराने गॅरेज भरलं, आणि तिसऱ्यांदा धरलं. आवाज जाडाभरडाच आहे, डिझेल आहे ते. पण एकसारखा. टकटक नाही.

मिस्त्रींनी ब्लॉकवर पाना टेकवून दुसरं टोक कानाला लावलं. बराच वेळ ऐकलं. "ठीक," म्हणाले. त्यांच्याकडून हे म्हणजे प्रमाणपत्रच.

"पहिले हजार किलोमीटर हळू चालवायची. ओढायची नाही, पळवायची नाही."

"मिस्त्री, शिकवणीची गाडी आहे. तिने जन्मात दुसरं काय केलंय?"

क्रँकसाठी आधी फोन केलात म्हणून त्यांचे आभार मानले, तर म्हणतात, "मी कुठे केला? माझ्याकडे फोनच नाही." विसरले असतील. वय झालंय त्यांचं.

बुधवार, २६ मार्च

दोन दिवस सकाळ-संध्याकाळ फक्त बाइंडरबाई. पाण्याच्या टाकीचा चढ त्यांनी आज सलग सात वेळा चढवला. चौथ्या वेळी अर्ध्यात मुद्दाम थांबवून पुन्हा उचलली, गाडी एक बोटभरही मागे गेली नाही. "माफी?" मी विचारून बघितलं. "परीक्षेनंतर," त्या म्हणाल्या.

चढाच्या खाली दादा गाडी लावून उभा होता. काच खाली करून म्हणाला, "आवाज बरा आहे. किती चालेल असं वाटतं?"

"मी चालवेन तितकी."

"येत नाहीस तर माझ्याकडे."

"नाही."

"बरं," म्हणाला. पुढे वाद घालेल म्हणून मी कमरेवर हात ठेवून तयार होते, पण नाही. हरला की लगेच विषय बदलतो. "नीट जेवतेस ना? वाळली आहेस," म्हणाला आणि गेला. मी हात तसेच कमरेवर ठेवून थोडा वेळ उभी राहिले.

शुक्रवार, २८ मार्च

परीक्षेच्या मैदानावर आमची गाडी सगळ्यात जुनी. रांगेतल्या नव्या गाड्यांमध्ये उभी राहिली आणि तपासणी करणाऱ्या साहेबांनी कागद दोनदा बघितले. बोनेट उघडायला लावलं. ब्लॉकवरचा नंबर बोट ठेवून कागदाशी जुळवला.

"हिचं इंजिन अजून मूळचंच?"

मी तोंड उघडायच्या आत बाइंडरबाई म्हणाल्या, "मूळचंच. दुरुस्त केलेलं. चला, बसा."

साहेब बसले. मी कुंपणापाशी उभी राहिले. आठाचा आकडा, उलटी गाडी, मग चढ. चढावर साहेबांनी थांबवायला लावलं. मी इथे उभ्या उभ्या डावा पाय दाबून धरला होता. गाडी उचलली तेव्हा मला आवाज आला, दिसायच्या आधी.

पास. पहिल्याच खेपेला.

बाइंडरबाई उतरल्या, कागद घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला आणि म्हणाल्या, "माफ केलं. आता घरापर्यंत मी चालवते."

फाटकाबाहेर त्यांचा नवरा काठी घेऊन उभा. कुणाला न सांगता रिक्षाने आला होता. अभिनंदन वगैरे नाही. "मी पुढे बसतो, हिला रस्ता सांगायला हवा," म्हणाला आणि माझ्या जागेवर जाऊन बसला. म्हणून मी मागे बसले. अठरा वर्षांत माझ्याच गाडीत मागे बसायची ही पहिली वेळ. गुडघे पुढच्या सीटला टेकतात. शिकणाऱ्यांच्या घरचे कधी तक्रार कसे करत नाहीत!

बाजारपेठेच्या रस्त्यावर त्याचं सुरू झालं. "सावकाश. डावीकडे सायकल. अगं, ट्रक! ब्रेक, ब्रेक!" आणि स्वतःच पाय दाबला. शिकवणीच्या गाडीत बाजूच्या सीटसमोरही ब्रेक असतो, हे त्याला कसं माहीत असणार? भर चौकात गाडी जागच्या जागी गचका खाऊन बंद पडली. माझं नाक सीटवर आपटलं. चारी बाजूंनी हॉर्न.

नवरा घाबरून म्हणाला, "मोडली का?"

बाइंडरबाईंनी हँडब्रेक ओढला. गिअर काढला. मागच्या गाड्या ओरडत होत्या, एक माणूस खिडकीतून हात नाचवत होता. त्यांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. नवऱ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या,

"मोडली नाही. तुमचा पाय आहे तो. मागे घ्या."

त्याने दोन्ही पाय उचलून सीटखाली घेतले, जितके जातील तितके.

त्यांनी किल्ली फिरवली. हॉर्नच्या त्या गोंगाटात आमचं इंजिन सगळ्यात मोठ्याने सुरू झालं.